कोनाच्या स्लॉटसाठी कुठली आयर्नमॅन निवडावी?

पहिली फुल आयर्नमॅन पूर्ण झाली, पायांचं दुखणं थांबलं, की ट्रायथलीटच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करणाऱ्याच्या, डोक्यात पुढचा प्रश्न सुरू होतो. कोनाला, म्हणजे हवाईत होणाऱ्या आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेला, जायचं असेल तर आता कुठली रेस घ्यावी? शिवाजी पार्कच्या तलावावर सकाळी पोहायला येणाऱ्यांत, पामबीच रोडवर सायकल चालवून चहाला थांबलेल्यांत यावर भरपूर चर्चा होते. कुणी म्हणतं लंकावीला जा, तिथे फार कोणी येत नाही. कुणी म्हणतं हॅम्बुर्ग घे, सपाट आहे. प्रत्येक सल्ल्यात थोडं तथ्य असतं. पण ते तुमच्या कामाचं आहे का, हे ठरवायचं तर स्लॉट, म्हणजे कोनाच्या जागा, कसे वाटले जातात ते आधी कळायला हवं, आणि नेमका तोच भाग फार थोड्या लोकांनी नीट वाचलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यांसाठी सोपी अशी रेस कुठेच नसते. तुमच्या वयोगटाला, तुमच्या शरीराला आणि मुंबईतल्या तुमच्या वर्षभराच्या दिनक्रमाला जुळणारी रेस मात्र असते, आणि ती शोधता येते.

ही स्पर्धा नक्की कुठली

फुल आयर्नमॅन म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यानंतर 42.2 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, सगळं सलग, एकाच दिवसात. 1978 मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर 15 जणांनी पहिल्यांदा हे करून पाहिलं, त्यातले 12 जण शेवटपर्यंत पोहोचले. 1981 पासून ही स्पर्धा हवाईच्याच बिग आयलंडवर, कोनाला होऊ लागली आणि ट्रायथलीट मंडळींसाठी कोना म्हणजेच जागतिक अजिंक्यपद झालं. 2023 ते 2025 या तीन वर्षांत स्त्रिया आणि पुरुषांच्या स्पर्धा कोना आणि फ्रान्समधलं निस अशा आलटून पालटून झाल्या. 2026 पासून दोन्ही पुन्हा कोनाला, एकाच दिवशी.

आपल्याकडे दोन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला गोव्याबद्दल. 2019 मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झालेली गोव्याची रेस हाफ आहे, म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. तिथे मिळणारा स्लॉट हाफच्या जागतिक स्पर्धेचा असतो आणि ती स्पर्धा सहसा दर वर्षी वेगळ्या देशात होते. 2024 मध्ये ती न्यूझीलंडच्या टाउपोला झाली, 2025 मध्ये स्पेनच्या मार्बेयाला. गोव्यात कितीही चांगली वेळ आली तरी तिथून कोनाचं दार उघडत नाही. दुसरा गैरसमज जर्मनीतल्या रोथबद्दल. अंतर तेच, प्रेक्षक अफाट, जगातली अतिशय वेगवान रेस, पण ती चॅलेंज नावाच्या वेगळ्या संस्थेची आहे. तिथे कोनाचे स्लॉट नसतात. रोथ जरूर करावी, पण कोनाचा विचार बाजूला ठेवून.

स्लॉट कसे वाटतात

प्रत्येक फुल रेसला जागतिक स्पर्धेच्या ठराविक जागा दिलेल्या असतात. छोट्या रेसला कमी, मोठ्या रेसला जास्त, आणि एखाद्या खंडाची अजिंक्यपद स्पर्धा म्हणून जी रेस त्या वर्षी जाहीर होते तिला सहसा आणखी जास्त. ज्यांचा हा पेशा नाही, म्हणजे आपण सगळे, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत विभागलेले असतो. 35 ते 39, 40 ते 44 असे गट, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. तुमचा गट त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला तुमचं वय किती असेल त्यावरून ठरतो, रेसच्या दिवशीच्या वयावरून नाही. नोव्हेंबरात 45 पूर्ण करणारा माणूस त्या वर्षीच्या मार्चमध्येही 45 ते 49 मध्येच मोजला जातो.

पूर्वी पद्धत सरळ होती. ज्या गटात जास्त लोक, त्या गटाला जास्त जागा. एखाद्या रेसला चाळिशीतले पुरुष भरपूर असले तर त्यांना पाच-सहा जागा मिळायच्या, साठीच्या पुढच्यांना एक. तुमची स्पर्धा फक्त तुमच्या गटाशी असायची. 2026 च्या जागतिक स्पर्धेसाठी हे बदललं. आता प्रत्येक वयोगटाच्या विजेत्याला एक जागा थेट मिळते. त्याने ती नाकारली तर दुसऱ्याला विचारतात, मग तिसऱ्याला. तिघांनीही नको म्हटलं तर ती जागा सामायिक यादीत जाते. उरलेल्या सगळ्या जागाही त्याच यादीतून दिल्या जातात, आणि या यादीत वेगवेगळ्या वयोगटांतले लोक एकमेकांशी तोलले जातात.

पस्तिशीतला आणि पन्नाशीतला माणूस एका यादीत कसा बसवायचा? त्यासाठी प्रत्येक गटाला एक गुणक ठरवलेला आहे. कोनाला त्या त्या गटातल्या आघाडीच्या लोकांनी गेल्या काही वर्षांत कशा वेळा नोंदवल्या, त्यावरून तो काढलेला आहे. तुमच्या वेळेला तुमच्या गटाच्या गुणकाने गुणायचं आणि जी वेळ येईल तिच्या क्रमाने यादी लावायची. खालचे गुणक केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, खरे नाहीत. समजा 38 वर्षांच्या माणसाने 9 तास 50 मिनिटांत, म्हणजे 590 मिनिटांत रेस संपवली आणि त्याच्या गटाचा गुणक 0.99 आहे. उत्तर येतं 584 मिनिटं. 52 वर्षांच्या माणसाला 10 तास 50 मिनिटं, म्हणजे 650 मिनिटं लागली आणि त्याचा गुणक 0.90 आहे. उत्तर 585 मिनिटं. अंतिम रेषेवर दोघांत एक तासाचं अंतर होतं, यादीत ते एकाखाली एक आले.

आता रेस निवडण्याच्या दृष्टीने यातून काय निघतं ते बघा, कारण सगळा कस इथे आहे.

समजा एका छोट्या रेसला 30 जागा आहेत आणि स्त्री-पुरुष मिळून 22 गटांत स्पर्धक उतरले आहेत. 22 जागा विजेत्यांत गेल्या. सामायिक यादीला उरल्या फक्त 8. आणि त्या आठांसाठी कोण कोण उभं आहे? 30 ते 44 या गटांतले दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाचे सगळे वेगवान लोक. मोठ्या रेसला समजा 80 जागा आहेत. तिथेही विजेत्यांना साधारण तेवढ्याच जागा जातात, पण यादीला 55 ते 58 उरतात. मोठ्या रेसमध्ये स्पर्धा तगडी असते हे खरं, पण गट न जिंकता स्लॉट मिळण्याची शक्यता मुख्यतः तिथेच असते. म्हणून तुम्ही 40 ते 44 सारख्या गर्दीच्या गटात असाल आणि गट जिंकणं अवाक्याबाहेरचं असेल, तर छोटी रेस दिसायला सोपी वाटली तरी तुमच्यासाठी ती बंद दारासारखी ठरू शकते. उलट 60 ते 64 मधल्या एखाद्या बाईंना, जिथे त्यांच्या गटात चार-पाच जणीच उतरणार आहेत अशी छोटी रेस सोन्यासारखी. त्यांना यादीकडे बघायचंच नाही, गट जिंकायचा आहे.

मुंबईतल्या पालकांना हे पटकन समजेल. अकरावीच्या प्रवेशात एखाद्या कॉलेजची कट-ऑफ कॉलेज ठरवत नाही, त्या वर्षी तिथे कोणी कोणी अर्ज भरले त्यावर ती ठरते. यंदा एखादं कॉलेज कमी टक्क्यांना मिळालं अशी बातमी फुटली की पुढच्या वर्षी तिथेच झुंबड उडते. आयर्नमॅनचंही तसंच चालतं. अमुक रेसला सोपं गेलं हे एकाने सांगितलं की पुढच्या मोसमात तिथे तसे चार वेगवान लोक हजर असतात. म्हणून एका वर्षाच्या निकालावर विसंबू नका, किमान तीन वर्षांचे बघा.

ही पद्धत नवी आहे आणि तिच्यात दुरुस्त्या होत राहतात, विशेषतः स्त्रिया आणि पुरुषांच्या जागांच्या वाटणीबाबत. रेसचे पैसे भरण्याआधी त्या मोसमाचे नियम आणि त्या मोसमाचे गुणक स्वतः वाचा. दोन वर्षांपूर्वी ज्याला स्लॉट मिळाला त्याचा सल्ला कितीही मनापासून दिलेला असला तरी तो जुन्या पद्धतीचा असू शकतो.

निकालपत्रक वाचायला शिका

हे काम एका रविवारी दुपारी घरी बसून होतं, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत याच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी काम दुसरं नाही. तुमच्या मनातल्या तीन-चार रेसचे मागच्या तीन वर्षांचे पूर्ण निकाल उघडा. ते सगळ्यांना बघता येतात. एका शीटमध्ये नाव नको, फक्त गट आणि एकूण वेळ घ्या. शेजारच्या रकान्यात चालू गुणक टाका, पुढच्यात गुणाकार. गटांचे विजेते वेगळ्या रंगाने भरा आणि बाजूला काढा. उरलेल्यांची यादी गुणाकाराच्या क्रमाने लावा. आता त्या रेसला एकूण किती जागा होत्या त्यातून विजेत्यांच्या वजा करा. समजा 18 उरल्या. यादीत अठरावी वेळ कुठली ते बघा आणि तिला तुमच्या गुणकाने भागा. जी वेळ येईल ती त्या रेसला, त्या वर्षी, तुमच्या वयाच्या माणसाला लागली असती.

एवढ्यावर थांबू नका. त्या वेळेच्या आसपास आलेल्या तुमच्या गटातल्या दोन-चार जणांचं पोहणं, सायकल, धावणं वेगवेगळं बघा. फुलच्या एकूण वेळेत पोहण्याचा वाटा साधारण एक दशांश असतो, सायकलचा जवळपास निम्मा, बाकी धावणं. समजा त्या रेसला स्लॉट मिळवणारे सगळे पाच तासांच्या आत सायकल संपवतात आणि तुम्ही सपाट रस्त्यावरही साडेपाच तास घेता. मग तुमची मॅरेथॉन कितीही छान असली तरी गणित जमणार नाही. दुसऱ्या एखाद्या रेसला सगळ्यांचीच मॅरेथॉन उन्हामुळे कोसळलेली दिसेल. तुम्ही उन्हात टिकणारे असाल तर ती रेस बारकाईने बघा.

किती जण सुरुवात करून मध्येच थांबले, हेही नोंदवा. तो आकडा मोठा असेल तर त्या दिवशी ऊन, वारा किंवा लाटा यांनी काहीतरी उलथापालथ केलेली असते.

मुंबईच्या शरीराला काय जमतं

आपण ज्या हवेत राहतो ती या खेळात मोठी गोष्ट आहे. सायकल चालवताना किंवा धावताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात तिच्या पाव हिश्शाच्या आसपासच पुढे जाण्याच्या कामी येते, बाकी सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायची मुख्य सोय म्हणजे घाम वाळणं. हवेत दमटपणा भरपूर असला की घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि शरीर तापत जातं. मग रक्ताला त्वचेकडेही जावं लागतं आणि पायांकडेही. त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढतात आणि शेवटी वेग सोडावा लागतो.

अशा हवेत दहा ते चौदा दिवस नियमित व्यायाम केला की शरीर बदलू लागतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. युरोपातला स्पर्धक यासाठी बाथरूममध्ये गरम पाण्याच्या टबात बसतो, घरात हीटर लावून सायकल चालवतो. आपल्याला मे महिन्यात सकाळी सातनंतर घराबाहेर पडलं तरी पुरतं. पण दिवसभर एसी ऑफिस, रात्री एसी आणि पहाटे साडेचारला धावून सहाला घरी, असा दिनक्रम असेल तर मुंबईत राहण्याचा फायदा आपोआप मिळत नाही. रेसच्या आधीचे काही आठवडे थोडं उशिरा, थोडं उन्हात बाहेर पडावंच लागतं, पाणी आणि मीठ सांभाळून.

ऊन काय करू शकतं ते ऑक्टोबर 2025 मध्ये कोनाला सगळ्यांनी पाहिलं. स्त्रियांच्या स्पर्धेत पुढे असलेल्या लूसी चार्ल्स-बार्कलीला मॅरेथॉन चालू असताना रेस सोडावी लागली. मग टेलर निब आघाडीवर आली आणि शेवटचे काही किलोमीटर उरले असताना तीही रस्त्याकडेला बसली. जिंकली नॉर्वेची सोल्वेग लोव्सेथ. जगातल्या सर्वोत्तम, अनुभवी खेळाडूंची ही गत होते. म्हणून दमट उन्हात होणारी रेस हा मुंबईकरासाठी खरा फायदा आहे असं मी ठामपणे म्हणतो.

दुसरा मुद्दा वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात पोहताना घालायच्या रबरी पोशाखाचा, आणि इकडे आपलं लक्ष फार उशिरा जातं. पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तर आपल्यासारख्या वयोगटातल्या स्पर्धकांना वेटसूट चालतो. त्याच्यावर गेलं की स्लॉटसाठी उतरणाऱ्याला तो घालता येत नाही. वेटसूट अंगाला पाण्यात वर उचलून धरतो, त्यामुळे ज्यांचे पाय पोहताना खाली बुडतात त्यांना त्याची सर्वाधिक मदत होते. तुम्ही लहानपणापासून पोहत असाल तर वेटसूट नसलेली रेस घ्या, तिथे कमजोर पोहणाऱ्यांवर तुमची आघाडी वाढते. तिशीनंतर पोहायला शिकला असाल तर उलट विचार करा. आपल्या तलावात किंवा समुद्रात वेटसूटची सवय होत नाही हे मात्र लक्षात ठेवा. खांद्यात आखडणं, छातीवर दाब, थंड पाण्यात पहिल्या दोन मिनिटांत श्वास अडकणं, हे रेसच्या सकाळी पहिल्यांदा अनुभवण्याच्या गोष्टी नव्हेत.

तिसरा मुद्दा चढाचा. सपाट रस्त्यावर तुम्ही मुख्यतः हवेशी झगडता, चढावर स्वतःच्या वजनाशी. 80 किलोचा दणकट सायकलपटू सपाट रस्त्यावर 60 किलोच्या माणसाला सहसा भारी पडतो. चढ सुरू झाला की चित्र पालटतं. उन्हातही हलक्या शरीराला फायदा असतो, कारण कमी उष्णता तयार होते. मुंबईत मोठ्या चढाचा सराव हवा तर कसारा घाट किंवा जुन्या हायवेने खोपोलीहून खंडाळ्याला जावं लागतं. ते दर आठवड्याला जमत नसेल तर लॅन्झारोटे किंवा वेल्ससारख्या चढांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेस टाळाव्यात. सपाट रेसला मात्र वेगळीच कसोटी असते. पाच-साडेपाच तास हातांवर वाकून, एकाच अवस्थेत, न थांबता पेडल मारायचं. सिग्नल, खड्डे आणि टेम्पोंमधून वाट काढणाऱ्या आपल्या सायकलिंगमध्ये तसा सराव फारसा होतच नाही. घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, तीन-चार तास त्या अवस्थेत बसण्याची सवय मुद्दाम करावी लागते.

आपलं कॅलेंडर, त्यांचं कॅलेंडर

रेसच्या आधीचे चार महिने सगळ्यात मोलाचे. ते मुंबईत कधी पडतात हे बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला उत्तम काळ. रस्ते कोरडे, पहाट थंड, जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने धावण्याची तयारीही जोरात असते. मार्च-एप्रिलची रेस या हिशोबात छान बसते. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रेसची मोठी तयारी भर पावसात येते. शनिवारची पाच-सहा तासांची सायकल घरात ट्रेनरवर, मध्ये गणपती, नवरात्र आणि दिवाळी. हे अशक्य नाही, पण घरच्यांशी आधीच मोकळं बोलून ठेवावं लागतं.

या चाळणीतून काही रेस बघू. मलेशियातलं लंकावी आपल्याला जवळचं. वेळेचा फरक अडीच तासांचा, पाणी कोमट, वेटसूट नाही, हवा मुंबईसारखीच दमट, रस्त्याला चढ-उतार. उन्हात टिकणाऱ्या, बऱ्यापैकी पोहणाऱ्या मुंबईकराला ही हवा मानवते. अडचण दोन गोष्टींची. तयारी पावसाळ्यात येते आणि हाच हिशोब आशियातल्या सगळ्या वेगवान लोकांनीही केलेला असतो.

ऑस्ट्रेलियातलं केर्न्स जूनमध्ये असतं, तिकडचा हिवाळा पण उष्ण कटिबंधातला. सायकलचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो आणि परतताना अनेकदा वारा तोंडावर येतो. अनेक वर्षं ही आशिया-पॅसिफिकची अजिंक्यपद स्पर्धा राहिली आहे. ज्या वर्षी तसं असेल त्या वर्षी सामायिक यादीतल्या जागा जास्त. 35 ते 49 मधल्या, गट जिंकू न शकणाऱ्या पण तिन्ही प्रकारांत बऱ्या असलेल्या माणसाला मी आधी केर्न्सचे निकाल बघायला सांगेन. तयारी डिसेंबर ते मे, म्हणजे शेवटचे दोन महिने उन्हाळ्याचे, पण पाऊस आडवा येत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बसलटन डिसेंबरात. 1.8 किलोमीटर लांबीच्या लाकडी धक्क्याला वळसा घालून पोहायचं आणि मग अगदी सपाट रस्त्यावर सायकल. 2017 मध्ये शार्क दिसल्यामुळे तिथलं पोहणं रद्द झालं होतं. पोहणं हीच तुमची ताकद असेल आणि तेच रद्द झालं, तर वर्षाची मेहनत एका सकाळी निम्मी होते. उघड्या समुद्राच्या कुठल्याही रेसला हा धोका गृहीत धरावा. मजबूत, वजनदार सायकलपटूला बसलटन फार चांगली.

टाउपोची न्यूझीलंड रेस मार्चमध्ये असते. आपल्या हिवाळ्याच्या तयारीला अगदी जुळते, पण थंड सरोवर आणि खरबरीत, सायकल दणादण हलवणारा रस्ता. दक्षिण आफ्रिकेची रेस गेबेर्हाला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथला होते. तिथे समुद्र आणि वारा दोन्ही लहरी. टेक्सास एप्रिलमध्ये, सपाट, दमट, स्लॉट भरपूर आणि अमेरिकेचे वेगवान लोकही भरपूर. युरोपातल्या हॅम्बुर्ग, कोपनहेगन, फ्रँकफर्ट या रेस सुंदर आहेत, सपाट किंवा बेताच्या चढाच्या आहेत. पण सहसा थंड पाणी, थंड सकाळ आणि युरोपातली तगडी स्पर्धा यांपुढे मुंबईकराचा एकही खास फायदा तिथे फारसा कामाला येत नाही. पहिली फुल करायला त्या उत्तम. स्लॉटसाठी त्या माझ्या यादीत खालच्या.

निवडीने किती फरक पडतो

निकालपत्रकाच्या हिशोबात तुम्हाला 10 तास हवे असतील आणि तुमची आजची तयारी 12 तासांची असेल, तर जगातली कुठलीच रेस ते दोन तास भरून काढणार नाही. निवड कामाला येते ती तुम्ही उंबरठ्यापासून दहा-वीस मिनिटांवर असता तेव्हा. तोवर परदेशी रेसवर लाखो रुपये खर्च करण्यापेक्षा दोन वर्षं घरी सायकलचा सराव वाढवा, गोव्याला हाफ करून स्वतःला तपासा. वयाचीही मदत घ्या. नव्या पाच वर्षांच्या गटात जाल त्या वर्षी गुणक तुमच्या बाजूने सरकतो, आणि त्या गटात तुम्ही सगळ्यात तरुण असता. 49 वर्षांच्या माणसाने एक वर्ष थांबून 50 व्या वर्षी मोठी रेस घेणं हे पूर्ण शहाणपणाचं आहे.

वेगाने जमत नसेल त्यांच्यासाठी चिकाटीचा एक रस्ता आहे. आयर्नमॅनच्या नावाने होणाऱ्या किमान 12 फुल रेस पूर्ण केलेल्यांना लेगसी नावाच्या योजनेत कोनासाठी अर्ज करता येतो. तिच्या बाकी अटी वेळोवेळी ठरतात. त्याला अनेक वर्षं आणि बराच पैसा लागतो, पण अशा माणसाचा कोनावरचा हक्क मला कुणाहूनही कमी वाटत नाही.

नाव पुकारलं जातं तेव्हा

रेसनंतर स्लॉट वाटपाचा कार्यक्रम असतो. तिथे तुम्ही स्वतः हजर असावं लागतं. विजेत्यांचं झालं की यादीतली नावं क्रमाने पुकारली जातात. एखादा माणूस उत्तर देत नाही, तो विमानतळावर असतो किंवा हॉटेलात झोपलेला असतो, आणि नाव पुढे सरकतं. त्यामुळे अठरा जागा असताना पंचविसाव्या, तिसाव्या माणसालाही स्लॉट मिळू शकतो. कोना परत आल्यामुळे नाही म्हणणारे कमी होतील असं मला वाटतं, तरी तुमचा क्रम थोडा खाली असला म्हणून परतीचं विमान त्याच दुपारचं ठेवू नका. पायाला फोड असोत, उभं राहवत नसो, सभागृहात जाऊन बसा.

पैसे जागेवरच भरायचे असतात आणि रक्कम हजार डॉलरच्या वर जाते. आपल्या बँका कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद ठेवतात, ते ॲपमधून सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. हे घरून निघतानाच करा आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्डही खिशात ठेवा. आणि अमेरिकेचा व्हिसा. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीच्या तारखेसाठी खूप महिने थांबावं लागू शकतं. पर्यटक व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, म्हणून कोनाचं खरोखर मनात असेल तर स्लॉटची वाट न बघता आधीच अर्ज करून टाका. तो हातात असेल तर टेक्सासची रेसही तुमच्यासाठी खुली होते, आणि निकालपत्रकाच्या शीटमध्ये आणखी एक रकाना वाढवता येतो.